आंधळगावची करवती कोसा साडी: नेसून, धुऊन, पुन्हा नेसून

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. साडेनऊ हजार रुपयांना घेतलेली ही करवती कोसा साडी मला पटली आहे आणि मी आणखी एक सांगून ठेवली आहे. पण ही साडी सगळ्यांसाठी नाही. चकाकणारं रेशीम हवं असेल, हातातून सुळकन निसटणारा पोत हवा असेल, निऱ्या आपसूक बसायला हव्या असतील, तर पैसे दुसरीकडे खर्च करा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारच्या लग्नाला जायचं असेल आणि रेशीमही नेसायचं असेल, तर मात्र पुढचं सगळं वाचा.

साडी घेतली ती थेट विणकराकडून. भंडारा जिल्ह्यातलं मोहाडी आणि त्याच तालुक्यातलं आंधळगाव, ही कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाची जुनी ठिकाणं. काठाला करवतीसारखे दाते असलेल्या विदर्भाच्या या करवत काठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. ओळखीतून एका विणकरांचं नाव कळलं, फोन केला, घरीच बोलावलं त्यांनी. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. दाखवायला तयार साड्या मोजक्याच होत्या, कारण बहुतेक माल ऑर्डरवरच विणला जातो. मी निवडलेल्या साडीचं अंग कोशाच्या मूळ रंगाचं आहे, म्हणजे फिकट तपकिरी आणि त्यात सोनेरी झाक, कुठलाही रंग न चढवलेलं. काठ गडद मरून, मर्सराइज्ड म्हणजे प्रक्रिया करून चमक आणलेल्या सुताचा. पदराला त्याच मरून रंगाचे आडवे पट्टे. ब्लाउजपीस जोडलेलाच. वजन साधारण अर्धा किलो. शुद्ध रेशमाची खात्री देणारं सिल्क मार्कचं लेबल नव्हतं आणि छापील बिलही नव्हतं; वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला आणि पैसे मोबाइलवरून घेतले. बिलाशिवाय खरेदी ज्यांना चालत नाही त्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरी आल्यावर माझ्या भाचीनं घडी उलगडली आणि म्हणाली, "मावशी, यात तर गाठी आहेत. आणि हे बघ, इथे पट्टा उमटलाय. परत कर."

तिनं बोट ठेवलं त्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कापडावरून हात फिरवला की मधूनच बारीक जाड जागा लागते. आणि उजेडात धरलं तर वीतभर रुंदीचा एक भाग बाकीच्या अंगापेक्षा किंचित गडद दिसतो. ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांकडे कोशाच्या साडीबद्दल ज्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याचशा याच दोन असतात. मी बरीच वर्षं नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं, गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडच्या जंगलात मुलांना टसरचं कीटकसंगोपन दाखवायला नेलं. त्यामुळे त्या गाठी आणि तो पट्टा कुठून आला हे मला सांगता येतं, आणि ते सांगितल्याशिवाय या साडीचं परीक्षण पुरं होणार नाही. भाचीलाही तेच सांगितलं.

तुतीच्या रेशमाचा किडा माणसानं हजारो वर्षं घरात पाळला. आता त्याच्या पतंगाला उडताही येत नाही. अळ्यांना ट्रेमध्ये पाला आयता मिळतो. टसरचा पतंग, अँथेरिया मायलिट्टा, अजून जंगलाचाच आहे. त्याची अळी ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढते. ऊन, पाऊस, कावळे, मुंग्या, सगळं सोसून. माणूस फक्त अंडी झाडावर ठेवतो आणि राखण करतो. भंडाऱ्याच्या नावानं या पतंगाची एक स्थानिक जातही नोंदलेली आहे.

वर्षाची सुरुवात मृगापासून धरायची. हिवाळ्यात झालेले कोष बियाण्यासाठी निवडून, दोऱ्यात ओवून, माळा करून हवेशीर खोलीत टांगलेले असतात. आत कोशित, म्हणजे पतंग होण्याआधीच्या अवस्थेतला जीव, गाढ निजलेला. सगळा उन्हाळा असाच जातो. खोली जास्त तापली तर आतला जीव मरतो किंवा अवेळी बाहेर पडतो, आणि बाहेर तेव्हा ऐनाला कोवळी पानं नसतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ती खोली गार ठेवण्यासाठी जी धडपड चालते ती बघण्यासारखी असते. पाऊस आला, हवेत ओल आली, की आत हालचाल सुरू होते.

पतंग कोषातून बाहेर येताना मी जवळून पाहिला आहे, आणि तो प्रसंग प्रत्येकानं एकदा तरी पाहावा असं मला मनापासून वाटतं. दिवस मावळला की कोषाच्या देठाकडच्या टोकाला एक ओला डाग दिसतो. पतंगाला कुरतडायला तोंडच नसतं. तो आतून एक द्राव सोडतो, त्यातलं पाचक द्रव्य धागे चिकटवणारा डिंक सैल करतं, आणि मग डोक्यानं, पायांनी धागे बाजूला सारत तो वाट काढतो. आधी दोन पाय येतात, मग केसाळ डोकं, मग एकदम सगळं ओलं, चुरगळलेलं अंग. पोट केवढं तरी मोठं आणि पंख बोटाच्या पेराएवढे. तो घाईघाईनं माळेवर वर चढतो आणि उलटा लटकतो. पंख हळूहळू भरत जातात. सुकल्यावर मादीचे पसरलेले पंख 15 सेंटिमीटरच्या पुढे जातात. मादी पिवळी किंवा राखाडी, नर विटकरी आणि अंगानं लहान. चारही पंखांवर एकेक डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध एक पारदर्शक चकती. पंखामागे बोट धरलं तर त्या चकतीतून बोट दिसतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं तिथे पेनाचं टोक धरून वहीतल्या अक्षरावर फिरवून बघितलं होतं.

हा एवढा मोठा जीव काही खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडा-दहा दिवस जगतो. मादी एका जागी बसून गंध सोडते, नर आपल्या पिसासारख्या मिशांनी तो गंध हेरून अंधारातून येतो. रात्रभर जोडी टिकते. मग मादीला मातीच्या बोळक्यात नाहीतर डबीत ठेवतात आणि ती 150 ते 250 अंडी घालते. त्यानंतरचं काम कठोर आहे: अंडी घातलेल्या मादीचं अंग कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यांत उतरतो. आई रोगी निघाली तर तिची सगळी अंडी जाळायची. ही पद्धत लुई पाश्चर यांनी 1860च्या दशकात फ्रान्समध्ये तुतीच्या रेशीमकिड्यांसाठी बसवली. निरोगी ठरलेल्या अंड्यांनाच संगोपन करणारे 'अंडीपुंज' म्हणतात आणि तेच जंगलात जातात.

आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात. अळी आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते आणि मग पानाकडे वळते. पुढचा महिना-दीड महिना खाणं हेच तिचं काम. चार वेळा कात टाकते. सुरुवातीची तपकिरी अळी हिरवी होते, अंगावर गाठीगाठींतून केस, बाजूंवर चांदीसारखे चमकणारे ठिपके. शेवटच्या अवस्थेत ती बोटापेक्षा लांब आणि अंगठ्यापेक्षा जाड असते. ऐनाच्या झाडाखाली शांत उभं राहिलं की पानं कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो, आणि विष्ठेच्या गोळ्या टपटप पडत असतात.

ही राखण मुख्यतः ढिवर समाजातली कुटुंबं करतात. संगोपनाच्या दिवसांत ते झाडांजवळ झोपडी बांधून राहतात. कावळे आणि कोतवाल पक्षी यांना हुसकावायला गोफण, मुंग्यांसाठी खोडाशी बंदोबस्त. गांधीलमाशी अळी उचलून नेते, ढेकण्या तिच्या अंगात सोंड खुपसतो, उझी माशी तिच्यावर अंडी घालते. झाडाची पानं संपली की फांदी अळ्यांसकट छाटून दुसऱ्या झाडावर टेकवायची. सलग पाऊस झाला, ओलं राहिलं, तर विषाणूचा रोग येतो. अळ्या मऊ पडून डोकं खाली करून लोंबकळू लागतात आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर साथ जाते. एका मादीनं घातलेल्या अंड्यांपैकी निम्मीसुद्धा कोषापर्यंत पोहोचत नाहीत. मला हे आकडे मुलांना सांगताना कधीच सहज सांगता आले नाहीत, कारण समोर राखण करणारा माणूस उभा असायचा आणि त्याच्या महिन्याभराच्या जागरणाचं काय झालं ते त्याच्या तोंडावर दिसायचं.

आता कोष. साडीतल्या गाठीचं उत्तर इथे आहे. अळीचं खाणं थांबतं, ती पोट रिकामं करते, दोन-तीन पानं धाग्यानं जवळ ओढून आडोसा करते. मग डहाळीभोवती रेशमाचं एक कडं विणते, कड्यापासून खाली एक मजबूत देठ, आणि देठाला टांगलेला कोष. वादळात पान गळून पडलं तरी कोष डहाळीलाच राहतो. विणताना अळीचं डोकं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत राहतं आणि ओठाखालच्या छिद्रातून दोन ग्रंथींचे दोन तंतू एकत्र चिकटून बाहेर येतात. हे काम काही दिवस चालतं. शेवटी ती आतून एक द्राव सोडून भिंत भिजवते, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेट सुकलं की कोष टणक होतो. हातात घेऊन दाबून बघा, सुपारीइतका कडक लागतो. एका कोषात धागा 700 मीटरपासून हजाराच्या पुढेही भरतो. पण तो अखंड आणि एकसारखा नसतो. बाहेरच्या थरात जाड, आत जावं तसा बारीक. वाऱ्यानं फांदी हलली, पाऊस आला, मुंगी आली, की अळी थबकते, आणि मग पुन्हा सुरू करते. कोष काही पिवळे, काही राखाडी.

म्हणजे भाचीनं दाखवलेली जाड जागा ही बहुधा तंतू तुटून पुन्हा जोडलेली जागा आहे. आणि तो किंचित गडद पट्टा म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, कांडी बदलली तेव्हा वेगळ्या कोषांचं सूत लागलं. रंगवलेल्या साडीत हा फरक झाकता येतो. मूळ रंगाच्या साडीत झाकायला काही नसतं, म्हणूनच मी मूळ रंगाची घेतली. अंगभर गुळगुळीत, एकाच छटेची, गाठ नसलेली 'कोसा' साडी तीन हजारात कुणी दाखवली तर मला उलट शंका येते.

एक गोष्ट मात्र विणकरांना स्पष्ट विचारायला हवी आणि मी विचारली. ताणा, म्हणजे उभा धागा, कुठला? बाजारात 'कोरिया' नावानं ओळखला जाणारा धागा मिळतो. तो चीनकडच्या ओकच्या झाडांवर वाढणाऱ्या टसरचा असतो. तोही खरं रेशीमच, पण बारीक, एकसारखा आणि फिकट. मागावर तो कमी तुटतो, त्यामुळे ताण्यासाठी बरेच विणकर तोच वापरतात आणि बाणा आपल्या कोशाचा घालतात. त्यात फसवणूक नाही, जर विकताना सांगितलं तर. माझ्या विणकरांनी वहीतल्या हिशेबाजवळच दोन्ही धाग्यांचे नमुने ठेवले आणि म्हणाले, "ताई, यात ताणा-बाणा दोन्ही आपलाच आहे, म्हणून भाव जास्त. कोरियाचा ताणा चालत असेल तर दोन हजार कमी करतो." मला हा मोकळेपणा फार आवडला. नागपुरातल्या एका मोठ्या दुकानात हाच प्रश्न विचारला होता, तर काउंटरवरच्या मुलाला ताणा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, आणि तो प्रत्येक साडीला 'प्युअर' म्हणत होता.

कोषाचं सूत होताना काय होतं तेही साडीच्या किमतीत धरायला हवं. तुतीचे कोष गरम पाण्यात सैल होतात. टसरचे सोडा घालून चांगले उकळावे लागतात, एवढा त्यांचा डिंक चिवट. मग काही कोषांचे तंतू एकत्र धरून पीळ द्यायचा. पिढ्यान्पिढ्या हे काम बायका उघड्या मांडीवर करत आल्या. एका हातानं तंतू ओढायचे, दुसऱ्या तळव्यानं मांडीवर घासून पीळ द्यायचा. मांडीची कातडी काळी पडते, सोलते, पाठ वाकून जाते. केंद्रीय रेशीम मंडळानं 'बुनियाद' नावाची यंत्रं आणून मांडीवरचं सूत बंद करायचं ठरवलं ते अतिशय योग्य झालं. काही शौकीन 'मांडीवरचं अस्सल सूत' म्हणून कौतुक करतात आणि त्याला जास्त पैसे मोजतात. मला ते मान्य नाही. यंत्रावरचं सूत जास्त मजबूत आणि एकसारखं असतं आणि कुणाच्या कातडीवर तयार होत नाही. माझ्या साडीचं दोन्ही बाजूंचं सूत यंत्रावरचं आहे असं विणकरांनी सांगितलं आणि गाठींचं प्रमाण बघता ते खरं वाटतं.

अजून एक प्रश्न मला नेहमी विचारतात, खास करून जैन मैत्रिणी. कोष उकळताना आतला जीव मरतो का? हो, मरतो. अखंड धागा काढायचा तर पतंग बाहेर पडण्याआधीच कोष वाफवावा लागतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी पतंग बाहेर पडून गेलेल्या कोषांच्या सुताची साडी मागावी. त्या कोषांतून अखंड धागा निघत नाही, सूत ओढून कातावं लागतं. त्याला घिच्चा म्हणतात. पण सगळाच घिच्चा फुटलेल्या कोषांचा नसतो. आकार बिघडलेले, रीळ न होणारे कोषही त्यातच जातात. त्यामुळे 'अहिंसा' अशी चिठ्ठी बघून समाधान मानू नका, सूत कुठल्या कोषांचं ते विचारा. घिच्च्याचं कापड जाड आणि खरखरीत असतं, दुपट्टा किंवा जाकिटाला उत्तम, साडी म्हणून जड पडते.

काठाबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. करवतीचे दाते छापलेले किंवा भरलेले नाहीत. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांसाठी, एक अंगासाठी, आणि काठाचा आडवा धागा नि अंगाचा आडवा धागा जिथे एकमेकांत अडकतात तिथे दाते तयार होतात. साडी उलटी केली तरी दाते तितकेच स्वच्छ दिसतात. यंत्रमागावरच्या नकलेत उलट्या बाजूला लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे हीच, काठ उलटा करून बघणे. माझ्या साडीत एका बाजूला वीतभर अंतरात दात्यांची उंची जरा कमी-जास्त झाली आहे. निऱ्यांत जाते, मला खटकत नाही.

आता नेसण्याबद्दल. पहिल्यांदा नेसली तेव्हा खळ होती, कापड ताठ. निऱ्या हातानं दाबून बसवाव्या लागल्या आणि बसल्यावर फुगलेल्याच राहिल्या. चार-पाच वेळा नेसल्यावर अंग मऊ पडलं आणि आता पदर खांद्यावर न घसरता राहतो, पिन न लावता. उन्हाळ्यात ही साडी जे सुख देते ते मला कुठल्याही रेशमात मिळालेलं नाही. याचं कारणही तंतूतच आहे. तुतीच्या रेशमाचा तंतू कापला तर त्रिकोणी दिसतो, उजेड परतवतो, म्हणून तो चमकतो. टसरचा तंतू चपटा, आणि त्यात लांबीच्या दिशेनं अतिबारीक पोकळ्या. चमक मंद, पण हवा खेळते, घाम साचत नाही. भर दुपारच्या लग्नात बाजूच्या बायका पदरानं वारा घेत होत्या तेव्हा मी आरामात जेवायला बसले होते.

तक्रारी आहेत. सुरुवातीला साडीला एक वास होता, उकळलेल्या कोषाचा, काहीसा सुक्या मासळीकडे झुकणारा. सावलीत वारं दिल्यावर तो गेला, पण पाहुण्यांकडे जाण्याआधी ही काळजी घ्या. पाण्याचे थेंब पडले की डाग दिसतात. पंक्तीत पाणी वाढताना जपून बसावं लागतं. पहिल्या धुण्यात काठाचा मरून रंग काठालगतच्या अंगावर हलका उतरला. हा विणकरांचा दोष आहे आणि फोनवर मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी काठाचं रंगीत सूत बाहेरून आणतात हे कबूल केलं आणि पुढच्या साडीला सूत आधी धुऊन वापरतो म्हणाले. नवी साडी घेताना एक काम करा: काठाचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघा. शिवाय काठ सुती आणि अंग रेशमाचं, त्यामुळे धुतल्यावर काठ थोडा आकसतो आणि काठालगत अंग किंचित लहरतं. फॉल लावण्याआधी साडी एकदा गार पाण्यातून काढून सावलीत वाळवली तर फॉल नीट बसतो. ब्लाउज शिवताना शिंप्याला दुहेरी शिलाई आणि अस्तर सांगाच. हे कापड शिवणीपाशी विरतं.

धुण्यासाठी मी सौम्य साबण आणि गार पाणी वापरते, पिळत नाही, टॉवेलात गुंडाळून पाणी काढते. इस्त्री कापड किंचित दमट असताना, उलट्या बाजूनं. ड्रायक्लीनची गरज मला वाटली नाही. ठेवताना सुती कापडात, आणि घड्या अधूनमधून बदलून, नाहीतर घडीवर धागा तुटतो.

खऱ्या-खोट्याची परीक्षा घरीही होते. पदराच्या गोंड्यातला अंगाचा एक धागा काढून जाळा. केस जळल्याचा वास आणि बोटात चुरडणारी काळी राख म्हणजे रेशीम. घट्ट, न चुरडणारा मणी झाला तर पॉलिएस्टर. सिल्क मार्कचं होलोग्राम लेबल असेल तर ही परीक्षा घ्यावी लागत नाही; केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं 2004 पासून ते सुरू आहे. पण ते लेबल रेशीम शुद्ध असल्याची खात्री देतं. धागा विदर्भाच्या ऐनावरचा की बाहेरून आलेला, हे विणकरालाच विचारावं लागतं, आणि तुम्ही विचारत राहिलात तरच तो धागा वापरणं त्यांना परवडेल. आरमोरीकडे राखण करणाऱ्या घरांतली तरुण मुलं हे काम सोडून शहराकडे जाताना मी पाहिली आहेत. कोषाला भाव मिळाला तर त्यातली काही थांबतील.

किमतीबद्दल माझं मत ठाम आहे. शेकडो कोष, तेवढ्याच अळ्यांची राखण, उकळणं, सूत, आणि मागावर दिवसच्या दिवस बसणं, हे सगळं धरलं तर साडेनऊ हजार जास्त नाहीत. घासाघीस करू नका. त्याऐवजी कोरियाचा ताणा घ्या, तो पर्याय प्रामाणिक आहे आणि साडी थोडी हलकी, अधिक सुळसुळीत मिळते. पहिल्यांदाच कोसा घेणाऱ्या तरुण मुलींना मी तोच सुचवते.

मी सांगून ठेवलेली दुसरी साडी हिरव्या काठाची आहे, ताणा-बाणा पुन्हा दोन्ही कोशाचाच. ती कधी मिळेल याची तारीख विणकरांनी दिली नाही. यंदा सप्टेंबरात पाऊस लांबला, कोषांच्या दुसऱ्या पिकातल्या बऱ्याच अळ्या रोगानं गेल्या, सूत महागलं. हिवाळी पिकाचे कोष आले की माग लावतो म्हणाले. तुम्हालाही हवी असेल तर दिवाळीच्या सुमारास फोन करून नंबर लावा. लग्नसराईच्या तोंडावर मागितली तर मिळणार नाही.